शुक्रवारी आठच्या आत

"घे तुझा भाऊ," मी म्हणालो.

सुधाकरनं हातातला कप बशीत ठेवला. चहा बशीत सांडला, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "काय म्हणालास?"

"विशू तुला, शकील बागवान मला. सरांना सांग, वहीत लिहू देत."

भिंतीवरच्या घड्याळात आठला सात मिनिटं कमी होती. मिणचेकर सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "प्रताप, गेले पाच आठवडे हा तुझ्या पाया पडालाय. आज एकदम दया कशी आली?"

"परवा मॅचला बँकेचे लोक येणार आहेत, सर. असल्या दिवशी पोरगा घरच्या टीममध्ये असलेला बरा."

हे वाक्य मी हॉटेलात येताना वाटेत तयार केलं होतं. ते इतकं चांगलं जमलं की बाकीच्या सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. सुधाकर उठून माझ्याजवळ आला, मला घट्ट मिठी मारली आणि गल्ल्याकडे बघून ओरडला, "आज सगळ्यांचा चहा माझ्याकडं! आणि ह्याला भजी!"

ती भजी मी खाल्ली. अकरा वर्षं झाली, पण ती गरम होती आणि मिरचीची होती हेसुद्धा मला आठवतं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. इथं पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात आणि मॅचच्या दिवशी स्टेडियमवर हलगी कडाडते. आमच्या बुरूज तालमीजवळच्या हॉटेलात आम्ही आठजण रोज बसायचो. टीव्हीवरच्या परदेशी फुटबॉलवर लोक मोबाइलमध्ये आपापल्या टीम बनवतात, हे आमच्यातला कुणीतरी ऐकून आला आणि आम्ही ठरवलं, आपण आपल्याच गावच्या खेळाडूंची बनवू. सीझनच्या आधी बिस्किटाच्या डब्यात आठ चिठ्ठ्या टाकायच्या, नंबर काढायचा आणि नंबरानं एकेक खेळाडू निवडत जायचं. प्रत्येकाचे अकरा. गोल केला की पाच गुण, गोलला पास दिला की तीन, गोलकीपरनं गोल खाल्ला नाही की चार. मिणचेकर सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे हजेरीची एक कोरी वही होती, त्यात सगळं लिहिलं जायचं. बदली करायची असेल तर शुक्रवारी संध्याकाळी आठच्या आत. नंतर रविवारची मॅच होईपर्यंत वही बंद. शेवटी जो जिंकेल त्याला सागवानी ढाल. ती सुधाकरनं स्वतःच्या हातानं बनवलेली. तो सुतार, त्याचं वर्कशॉप आमच्याच गल्लीच्या तोंडाला.

आम्ही त्याला कागदी टीम म्हणायचो. परदेशातल्या खेळाडूला कागदावर घेतलं तर तो नुसतं नाव असतो. आमचे खेळाडू मात्र आम्हाला दूध आणायला जाताना भेटायचे.

त्या वर्षी पहिल्या नंबरची चिठ्ठी मला आली आणि मी विशूला उचलला. विश्वंभर सुतार, सुधाकरचा सहा वर्षांनी धाकटा भाऊ, बुरूज तालमीचा डावा विंगर. चेंडू त्याच्या पायाला लागला की पुढचा बॅक आधीच मागं सरकायचा. सुधाकरचा नंबर तिसरा होता. त्याचा चेहरा त्या दिवशी जो पडला तो पडलाच. त्यानं शकील बागवान घेतला, म्हणजे पाणवठा तालमीचा स्ट्रायकर, आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्यामागं लागला. "परत्या, शकील घे, मला विशू दे. माझ्या भावानं गोल मारायचा आणि गुण तुला, हे मला बघवत नाही." मी हसायचो. गुणांच्या हिशोबात दोघं सारखेच होते आणि सुधाकरला तडफडताना बघायला मजा यायची.

टीम निवडीच्या दिवशी बनत नाही, निवडीनंतर बनते, असं माझं मत होतं. बाकीचे सात जण निवड झाली की निवांत व्हायचे. मी सकाळी सहाला प्रॅक्टिस बघायला जायचो. कोण लंगडतोय, कुणाचं कोचशी वाजलंय, कुठल्या राखीव पोराला यंदा संधी मिळणार, सगळं डोक्यात. शिवाय माझी नोकरी. एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी एमआरआयचं मशीन चालवायचो, आणि गावातल्या खेळाडूंचे गुडघे, घोटे, बोटं कधी ना कधी माझ्यासमोर यायचीच. सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याच टीममधल्या गोलकीपरचं बोट मोडलेलं मी पडद्यावर बघितलं आणि संध्याकाळी त्याला काढून दुसरा घेतला. इतरांना ती बातमी दुसऱ्या दिवशी कळली. "परत्याला वास येतो," सगळे म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला. त्यात कुणाचं काय गेलं होतं?

तर तो शुक्रवार. हॉटेलात टाळ्या वाजल्या त्याच्या दोन तास आधी, सहा वाजता, विशू माझ्या सेंटरला आला होता.

"दादाला सांगू नको हं, प्रतापदा," दारातच म्हणाला. "बुधवारी प्रॅक्टिसला गुडघा फिरला जरा. दुखालंय. दादाला कळलं तर मला खोलीत कोंडून घालेल."

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे?"

"आहे की. त्यांनीच पाठवलंय."

मी त्याला कपडे बदलायला लावलं. कमरेचा करदोडा काढायला लावला, त्याला चांदीची तार होती. तो टेबलावर आडवा झाला आणि कानावर हेडफोन चढवायच्या आधी म्हणाला, "परवा बँकेचे साहेब येणार आहेत पुण्याहून. मॅच बघणार आणि आवडलो तर पंधरा दिवसांनी चाचणीला बोलावणार. बँकेची टीम, बँकेची नोकरी. कायमची. आईला तर अजून सांगितलं पण नाही, उगं नवस बोलत बसेल."

"बरं, हलू नको आता," मी म्हणालो आणि काचेच्या पलीकडे गेलो.

पंचवीस मिनिटं मशीन ठकठक करत होतं आणि मी पडद्याकडे बघत होतो. गुडघ्याच्या आत एक दोरी असते, मांडीचं हाड आणि नळीचं हाड धरून ठेवणारी. चांगल्या गुडघ्यात ती काळी, ताठ दिसते. विशूची मधोमध पांढुरकी झाली होती, विसविशीत. पूर्ण तुटलेली नव्हती. निम्मी, कदाचित निम्म्याहून जास्त. मी डॉक्टर नाही, पण तोपर्यंत मी हजारभर गुडघे बघितले होते.

आमच्यात नियम असतो, पडद्यावर काय दिसतं ते टेक्निशियननं पेशंटला सांगायचं नाही. पण पेठेतल्या माणसांना माझं तोंड वाचता यायचं. मी काही बोललो नाही आणि नुसतं "डॉक्टरांना भेट" म्हणालो, की माणूस घाबरायचा. मी हसून पाठीवर थाप मारली की तो चहा प्यायला जायचा. सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला तर होतंच.

विशू करदोडा बांधत बाहेर आला. "काय दिसालंय?"

"आमच्या सेंटरचे डॉक्टर गावाला गेलेत. रिपोर्ट सोमवारी."

"ते हाय, पण तुला काय वाटतंय? परवा खेळू?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसहा वाजत आले होते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कित्येक वर्षं वेगवेगळ्या शब्दांत स्वतःला सांगून बघितलं. गोंधळलो होतो, नियम होता, मी कुठं डॉक्टर आहे, त्यानंच दादाला सांगू नको म्हटलं होतं. सगळं खोटं. मला वाटलं ते इतकंच: ह्याला आता 'खेळू नको' म्हटलं तर हा घरी जाईल, तोंड पाडून बसेल, सुधाकर विचारेल आणि आठच्या आत सगळ्या पेठेला कळेल. मग शकील मला मिळणार नाही. माझी टीम दुसऱ्या नंबरावर होती आणि सीझनचे सहा आठवडे बाकी होते.

मी हसलो. विशूच्या पाठीवर थाप मारली.

"सूज आहे थोडी. पट्टा बांधून खेळ. जपून."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "आयला, घाबरलो होतो मी," म्हणाला आणि जिन्यावरून उड्या मारत जाणार, तेवढ्यात गुडघा आठवून कठड्याला धरून एकेक पायरी उतरला.

आठ वाजून गेल्यावर त्याला खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. दोन तासांचाच तर प्रश्न होता. रात्री फोन करायचा, म्हणायचं, परत एकदा नीट बघितलं रे, बसून राहा.

पण हॉटेलातून बाहेर पडल्यावर, तोंडात भज्यांची चव असताना, माझ्या लक्षात आलं की आता सांगता येणार नाही. आता सांगितलं तर विशू घरी सांगेल, मग सुधाकर विचारणार, तुला केव्हा कळलं? साडेसहाला कळलं आणि आठच्या तोंडावर माझ्या गळ्यात मारलास? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या परत कशा करायच्या, ते मला सुचेना. शनिवार तसाच गेला. फोन मी चारवेळा हातात घेतला.

रविवारी सकाळी मात्र मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, एवढं माझ्या बाजूनं लिहायला हरकत नाही.

दारातच सुधाकर भेटला. त्यानं विशूचे बूट उन्हात ठेवले होते आणि ब्रशनं घासत बसला होता. स्वतःच्या धाकट्या भावाचे बूट. "ये ये, दिलदार माणूस आला!" तो ओरडला. "आक्का, परत्या आलाय बघ, पोहे टाक!"

त्यांची आई बाहेर आली. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणायचो. तिला कागदी टीमचं काही कळत नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं होतं. "काय दिलंस रे परतापा तू ह्याला? दोन दिवस नाचालाय नुसता."

"त्याचाच भाऊ त्याला दिला, आक्का."

"अगं बाई! मग आजवर कुणाचा होता?" ती हसत आत गेली.

विशू आतल्या खोलीत गुडघ्याला पट्टा बांधत होता. मी दारात उभा राहिलो. माझ्या मागं, दहा पावलांवर, सुधाकर बूट घासताना शीळ घालत होता.

"कसा आहे रे गुडघा?" मी हळू विचारलं.

"काल बरा होता. आज सकाळी उठताना जरा सटकल्यासारखा झाला." त्यानं वर बघितलं. "प्रतापदा, खेळू ना? तू सांगशील तसं. तू नको म्हणालास तर साहेबांना सांगतो, आजारी हाय म्हणून. पुढच्या मॅचला या म्हणतो."

म्हणजे दुसरी मॅच होती, दुसरी वाट होती. ती त्यानं स्वतः माझ्यापुढं ठेवली. मला फक्त मान हलवायची होती.

शीळ थांबली. सुधाकरची पावलं जवळ आली. "काय कुजबुजालाय रे दोघं?"

"काही नाही," मी म्हणालो. "म्हटलं, खेळ बिनधास्त."

मग मी पोहे खाल्ले.

दुपारी मी मिणचेकर सर आणि सुधाकरच्या मधे बसलो होतो. वरच्या बाजूला खुर्च्यांवर पांढऱ्या शर्टातले दोन पाहुणे, पुण्याचे. आमच्या बाजूला हलगी, भगवे फेटे, शिट्ट्या. विशूनं पहिल्या दहा मिनिटांत असा एक क्रॉस टाकला की सुधाकरनं माझ्या मांडीवर फटका मारला. "तीन गुण गेले रे, कुणीतरी डोकं लावायचं!" मी त्याच्याकडे बघत नव्हतो. विशूच्या डाव्या पायाकडे बघत होतो. तो वळताना अर्धा क्षण थांबत होता. सगळ्या स्टेडियममध्ये ते मला एकट्याला दिसत होतं.

एकतिसाव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. समोर बॅक होता, पण चार हातांवर. विशूनं आत वळायला पाय रोवला आणि खाली बसला. कुणीही त्याला धक्का दिला नाही. तो पडलाही नाही, नुसता बसला, दोन्ही हातांत गुडघा धरून.

हलगी जराशानं थांबली.

"ऊठ," सुधाकर म्हणाला. "ऊठ की मर्दा." मग तो उठला आणि लोकांच्या खांद्यांवर हात टेकत, पायऱ्या तुडवत खाली पळाला. मी बसूनच राहिलो. मिणचेकर सर म्हणाले, "अरे, कुणी लागलंच नाही त्याला." मी म्हणालो, "हो ना."

सोमवारी रिपोर्ट आला. दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी शुक्रवारचे आणि सोमवारचे फोटो शेजारी शेजारी लावले. मी कोपऱ्यात उभा होतो. ते सुधाकरला समजावून सांगत होते, "हा शुक्रवारचा. बघा, निम्मी शाबूत आहे. तेव्हाच घरी बसवला असता, व्यायाम दिला असता, तर सहा महिन्यांत मैदानावर असता. आता पूर्ण तुटली, शिवाय आतली गादीही फाटली. ऑपरेशन करू. चालेल, काम करेल. फुटबॉलचं मात्र डोक्यातून काढा."

सुधाकरनं शुक्रवारच्या फोटोवरची तारीख वाचली. वर सेंटरचं नाव होतं. तो सावकाश माझ्याकडे वळला.

"शुक्रवारी हा तुझ्याकडं आलता?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता हा मला मारणार, आणि ते बरं होईल.

"दादा," पलंगावरून विशू म्हणाला. "प्रतापदानं सांगितलं होतं मला, खेळू नको म्हणून. मीच ऐकलं नाही. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती मी त्याला."

सुधाकर त्याच्याकडे वळला. "गाढवा," म्हणाला, "गाढवा, गाढवा," आणि रडायला लागला. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "तुझी चूक नाही, परत्या. माझाच पायगुण वाईट. तुझ्या टीममध्ये पाच आठवडे होता, नखाला धक्का लागला नाही त्याच्या. माझ्याकडं आला आणि पहिल्याच मॅचला..."

मी विशूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. तिसरी संधी होती ती. मी सुधाकरच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

नंतर कितीतरी दिवस मला कळेना की विशू असं का बोलला. त्याला वाटलं असेल, भावाची मैत्री तुटेल? की त्याला खरंच वाटत होतं की मला पडद्यावर काही कळलं नाही, आणि एका साध्या टेक्निशियनवर बालंट येऊ नये? मी त्यातलं दुसरं खरं मानायचं ठरवलं. सोयीचं होतं.

सीझन संपला. मी जिंकलो. हॉटेलात कुणालाच त्याचा उत्साह नव्हता, सुधाकर यायचा बंद झाला होता. मिणचेकर सरांनी वही मिटली ती मिटलीच, पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत.

एका दुपारी दारात कुबड्यांचा आवाज आला. विशू होता. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. गळ्यात अडकवलेल्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ढाल.

"दादाला सवड नाही. म्हणाला, देऊन ये."

"अरे, मी आलो असतो की न्यायला. बस."

तो बसला नाही. त्यानं कागद सोडला. ढालीवर मागच्या दोन वर्षांच्या विजेत्यांची नावं सुधाकरच्या ठसठशीत अक्षरांत होती. त्याखाली नवं नाव. प्रताप हुपरे. अक्षरं बारीक होती, नवशिक्या हाताची, पण फार जपून कोरलेली.

"मीच कोरलं," विशू म्हणाला. "घरात बसून काय करणार? दादा शिकवालाय आता काम. बघ, नीट आलंय का."

"छान आलंय," मी म्हणालो.

तो जायला वळला. दारात थांबला, कुबडी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"शकीलनं शेवटपर्यंत किती गोल मारले रे?"

मी वर्तमानपत्राची घडी घालायला लागलो. त्यानं वाट बघितली. घाई नव्हती त्याला.

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ," तो म्हणाला. "मग चांगली बदली केलीस तू, प्रतापदा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आजवर कधीतरी उत्तर दिलं असतं. कुबड्या उचलून तो एकेक पायरी उतरला, त्या शुक्रवारी उतरला होता तसा, कठड्याला धरून.

ती ढाल नियमाप्रमाणे एक वर्ष माझ्याकडे राहायची होती. पुढच्या वर्षी कुणी जिंकलंच नाही, त्यामुळे ती अजून माझ्याच घरात आहे. सुधाकर अजूनही रस्त्यात भेटला की चारचौघांत सांगतो, ह्यानं स्वतःचा हुकमी खेळाडू मला नुसता देऊन टाकला होता, असला मित्र मिळत नाही. मी हसतो. घरी आलो की ढालीवरची धूळ पुसतो, आणि माझ्या नावापाशी आलो की फडकं सावकाश फिरवतो, कारण तिथली अक्षरं बारीक आहेत.